पेल्याचा तळ

आमच्या घरात पेला कोणी पूर्ण रिकामा करत नाही. पाणी असो, ताक असो, कोकम सरबत असो, शेवटचा घोट तळाशी राहतो आणि मोरीत जातो. नव्या पाहुण्याला वाटतं, या लोकांना अन्नाची किंमत नाही. पण ही सवय विठ्ठलवाडीच्या नळानं लावली. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा पाणी रात्री-अपरात्री यायचं आणि पहिली काही मिनिटं तरी त्याचा रंग बघण्यासारखा असायचा. आई नळाच्या तोंडाला जुन्या धोतराची चौपदरी घडी बांधायची, हंडा भरला की त्यात तुरटी फिरवायची आणि सकाळपर्यंत हंड्याला हात लावायचा नाही अशी ताकीद द्यायची. तरीही पेल्यात काहीबाही उतरायचंच. “तळ ठेव गं,” ती स्वयंपाकघरातून ओरडायची, माझ्याकडे न बघता. पुढे पाणी सुधारलं, इमारतीवर टाक्या आल्या, घरोघरी फिल्टर लागले. सवय मात्र राहिली. आजही बोलता बोलता पेला उजेडाकडे धरून तळ बघते आणि समोरच्याला उगाच वाटतं की त्यानं दिलेल्या पाण्यात मी खोट काढते आहे.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका पुस्तकाचं. स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे इंग्रजी कादंबऱ्यांचा ढीग असतो. कोणाची तरी घरं बदलतात, कोणाचे तरी वडील जातात आणि ती पुस्तकं किलोवर इथं येऊन पडतात. त्यातली एक मी उचलली. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली काही पानं गायब, त्यामुळे नाव कळायचा प्रश्नच नव्हता. गोष्ट पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीची. एका ड्यूकच्या दरबारात एक माणूस आहे. तो वैद्य म्हणून वावरतो, खरं काम विष देण्याचं करतो. त्याच्याकडे पोकळ खड्याची अंगठी आहे, आत कळ आहे, हातमोजे आहेत, दोन्ही बाजूंनी कापणारी पण एकाच बाजूला विष लावलेली सुरी आहे. अंबरनाथ लोकलमध्ये कल्याण ते घाटकोपर एका हातानं दांडी धरून मी ती वाचली. पलीकडच्या बाई मटार सोलत होत्या, कोणीतरी क्लिपांचा पुठ्ठा फिरवत होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर मेणबत्त्यांच्या उजेडात एक कार्डिनल शेवटची द्राक्षं खात होता.

अशा कादंबऱ्यांचं एक असतं. विष देणारा त्यांत नेहमी हुशार असतो. त्याची बोटं लांब, बोलणं मृदू, वाचन दांडगं. मरणारे मूर्ख किंवा दुष्ट असतात, त्यामुळे वाचकाला पाप लागत नाही. आणि विष म्हणाल तर ते इतकं आज्ञाधारक, की सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या तासाला काम करतं. न चव, न वास, न माग. वाचताना मजा येते हे कबूल. पण मनातला एक कोपरा विचारत राहतो, पेल्याच्या तळाशी काहीच कसं राहत नाही?

खऱ्या इटलीत व्यवहार जास्त रोखठोक होता. व्हेनिसच्या ‘दहा जणांच्या मंडळा’कडे १५१३ साली रागूझा गावचा जॉन नावाचा एक संन्यासी आला आणि त्यानं विषप्रयोगाचं चक्क दरपत्रक दिलं. तुर्की सुलतानासाठी पाचशे डुकाट, स्पेनच्या राजासाठी दीडशे, मिलानच्या ड्यूकला साठ, पोपला शंभर. माणूस जितका दूर आणि जितका मोठा, तितका आकार जास्त. मला यातला पोप सुलतानाच्या पाचपट स्वस्त पडतो याचं फार हसू येतं. रोम जवळ होतं, एवढाच त्याचा दोष. लुक्रेझिया बोर्जियाचं नाव मात्र उगाच बदनाम झालं. तिनं कोणाला विष दिल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तिच्या मरणानंतर तीनशे वर्षांनी, १८३३ साली, व्हिक्टर ह्यूगोनं तिच्यावर नाटक लिहिलं, त्याच वर्षी दोनिझेत्तीनं त्याचा ऑपेरा केला, आणि अंगठीतल्या विषासकट ती बाई जगभर गेली.

त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र बेन्वेनुतो चेल्लिनीची आहे. हा फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार, कमालीचा भांडकुदळ, आत्मचरित्रात स्वतःची स्तुती करताना जराही न थकणारा. रोममध्ये पोपच्या कैदेत असताना एके दिवशी जेवणातल्या कोशिंबिरीत त्याच्या दाताखाली काहीतरी कचकचलं. खाऊन झाल्यावर ताटलीच्या तळाशी त्याला चमकणारे कण दिसले. हिऱ्याची पूड पोटात गेली की आतडी कापत कापत माणूस मरतो, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. हा खिडकीशी गेला, प्रार्थना केली, मरणाची तयारी केली. मग सोनारच तो, त्यातला एक कण खिडकीच्या दगडावर ठेवून सुरीनं दाबून बघितला. कण चुरडला. हिरा असता तर चुरडला नसता! झालं होतं असं की, त्याला मारण्यासाठी ज्या कारागिराला हिरा कुटायला दिला होता तो गरीब होता. त्यानं खरा हिरा ठेवून घेतला आणि पुडीसाठी कुठलासा स्वस्त खडा कुटला. शास्त्र सांगतं की हिरा असता तरी बहुधा काही बिघडलं नसतं, हिरा पोटात विरघळत नाही. पण चेल्लिनीला वाटलं आपण वाचलो ते त्या कारागिराच्या गरिबीमुळे. त्यानं त्या गरिबीलाच दुवा दिला.

दरबारातलं विष ज्या हातांतून जातं त्यांतला एखादा तरी हात उपाशी असतो, ही गोष्ट कादंबरीकार विसरतात. चेल्लिनी विसरला नाही. सोनार असल्यामुळे त्याला भुकटी करणारा माणूस दिसला.

हिऱ्याची ही समजूत आपल्याकडेही पक्की रुजलेली. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि नाटकांत मानी राण्या बोटातली हिरकणी चोखून किंवा गिळून मरतात. आजी दुपारी पापड लाटताना अशा गोष्टी सांगायची आणि प्रत्येक राणीच्या शेवटी हिरकणी हमखास असायची. सोमल, बचनाग, धोतरा, कुचला ही विषं तिच्या गोष्टींत हलक्या माणसांच्या वाट्याला यायची. बचनागानं सावत्र आई मारायची, धोतऱ्यानं वाटमारे प्रवाशांना गुंगी आणायचे. राजघराण्यातल्या माणसाला मात्र मरतानाही दागिना लागायचा.

आणि म्हणूनच बडोद्याच्या पेल्यात हिरा निघाला हे वाचून मला आजीची फार आठवण झाली.

बडोदा गुजरातेत असलं तरी गायकवाडांचा दरबार मराठी. १८७४ साली गादीवर मल्हारराव होते. त्यांच्या आधीचे खंडेराव हे त्यांचे थोरले भाऊ, आणि याच भावाचा जीव घेण्याचा कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून मल्हाररावांनी पादऱ्याला कैद भोगली होती. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी एकदम राजा झाला. खंडेरावांचा दिवाण भाऊ शिंदे मल्हाररावांच्या तुरुंगात मेला. विष देऊन मारला, असं लोक बोलत. राजा उधळ्या होता. भावानं चांदीच्या तोफा केल्या होत्या, यानं सोन्याच्या ओतवल्या. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ साली इंग्रज सरकारनं चौकशीचं कमिशन नेमलं आणि कारभार सुधारायला १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली. दादाभाई नौरोजी त्या काळात बडोद्याचे दिवाण होते. आणि इंग्रजांचा रेसिडेंट होता कर्नल रॉबर्ट फेअर. कडक, हट्टी, मल्हाररावांचा मनापासून तिरस्कार करणारा. मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला, तर ते लग्न आणि तो वारस मान्य करायलाही तो तयार नव्हता. २ नोव्हेंबर १८७४ ला मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्याकडे खलिता धाडला, हा रेसिडेंट बदलून द्या म्हणून.

आठवड्यानं, ९ नोव्हेंबरला, फेअर सकाळचा फेरफटका मारून बंगल्यावर आला. त्याच्या खोलीत रोजच्यासारखं पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. त्यानं दोन-तीन घोट घेतले आणि लिहायला बसला. थोड्या वेळानं मळमळायला लागलं, डोकं गरगरलं, तोंडात तांब्याची चव आली. पपनस खराब असेल असं समजून त्यानं उरलेलं सरबत खिडकीबाहेर फेकलं. पेला खाली ठेवताना त्याला तळाशी काळसर गाळ दिसला.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. एका संस्थानाची गादी या गाळावर हलली. फेअरनं पेला शेवटपर्यंत प्याला असता, किंवा नोकरानं नेहमीच्या तत्परतेनं तो विसळून ठेवला असता, तर इतिहासाच्या पुस्तकात त्या सकाळची नोंद ‘साहेबांचं पोट बिघडलं’ एवढीही झाली नसती.

गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांच्याकडे गेला, तिथून मुंबईचे सरकारी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांच्याकडे. निष्कर्ष निघाला: सोमल आणि हिऱ्याची पूड. सोमलाचं मला समजतं. पांढरा सोमल थंड पाण्यात फार कमी आणि फार सावकाश विरघळतो, घाईनं ढवळला तर बराचसा तळाशी बसतो. चव जवळजवळ नसते. म्हणूनच युरोपातही शतकानुशतकं तोच वापरला गेला. जेम्स मार्शनं १८३६ साली शरीरातला सोमल ओळखण्याची खात्रीची कसोटी काढली, तेव्हा त्याचं राज्य उतरणीला लागलं. बडोद्याच्या वेळेपर्यंत ही कसोटी जुनी झाली होती. म्हणजे १८७४ साली सोमल वापरणारा माणूस शहाणा नव्हता, किंवा त्याला काय वापरतो आहोत हेच ठाऊक नव्हतं.

हिरा मात्र निव्वळ शोभेचा. त्यानं कोणी मेलं नसतं. पण राजाचं विष म्हटल्यावर त्यात हिरा हवाच, असं कोणाला तरी वाटलं. विष कालवणाऱ्याला वाटलं, की विष शोधणाऱ्याला, हे आजही सांगता येत नाही. गंमत अशी की पेल्यात हिऱ्याची पूड असल्याची गुप्त खबर फेअरला बडोद्यातूनच मिळाली होती. आधी खबर मिळावी आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली हिरा चमकावा, या क्रमात माझं मन अडकतं.

फेअरला लवकरच हलवलं आणि सर लुईस पेली आला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन बडोद्यात उतरले. आणि मग सुरू झाली ती नोकरांची रांग. रेसिडेन्सीतला रावजी हवालदार. नरसू जमादार, तिथला जुना नोकर. सरबत करणारा अब्दुल्ला. पेद्रो डिसूझा हा गोव्याकडचा बटलर. मडमेची आया अमिना. दरबारच्या बाजूनं निरोप नेणारे-आणणारे यशवंतराव आणि सालीम. आणि सगळ्यांच्या वर महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत, जो माफीचा साक्षीदार झाला.

रावजीनं कबुली दिली की पेल्यात पुडी त्यानंच टाकली, आणि महाराजांनी मोठी बक्षिसी कबूल केली होती. त्यानं वापरलेल्या पट्ट्याच्या चोरकप्प्यात सोमलाची पुडी सापडली. ती सापडली नाताळच्या दिवशी, अकबर अली नावाच्या पोलीस अंमलदाराला, आणि पट्टा तोवर दुसऱ्याच नोकराच्या खांद्यावर गेला होता. नरसूनं कबुली दिली आणि नंतर रेसिडेन्सीच्या बागेतल्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं, कोरडा केला, आणि पुढे साक्षीला उभा केला. उडी घेतली की पाय घसरला, यावर वकिलांनी बराच वेळ घालवला. पेद्रोनं गोव्याला जाताना राजवाड्याकडून पैसे मिळाल्याचं मान्य केलं, पुडीचं मात्र साफ नाकारलं. दामोदरपंतानं सांगितलं की सोमल मागवला तो घोड्याच्या औषधाच्या नावानं आणि हिरे घेतले ते औषधी भस्माच्या नावानं. ज्याच्याकडून हिरे घेतल्याचं म्हणत होते तो हेमचंद जव्हेरी कमिशनपुढे उभा राहिला आणि उलटला. पोलिसांनी धाकदपटशानं सही घेतली, म्हणाला.

एका जव्हेऱ्यानं भर कमिशनमध्ये, सर रिचर्ड कौच यांच्यासारख्या सरन्यायाधीशापुढे, हे म्हणावं याला छाती लागत असेल. साक्षीतल्या बाकीच्या कोणाची ती झाली नाही. त्यांना नोकऱ्या करायच्या होत्या.

२३ फेब्रुवारी १८७५ ला बसलेलं ते कमिशनही मोठं नवलाचं होतं. तीन इंग्रज: कौच, मीड आणि मेलव्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. एका राजावर परक्या सरकारनं खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरावा आणि न्याय करायला दुसऱ्या दोन राजांना बसवावं, हे आधी कोणी पाहिलं नव्हतं. मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आला. त्याची फी इतकी होती की तिची चर्चा खटल्याइतकीच झाली. सरकारी बाजू अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडली. बॅलंटाइननं पोलिसांच्या पुराव्याच्या चिंध्या केल्या. निकाल लागला तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही.

मला विचाराल तर मल्हाररावांच्या बाजूनं बोलावंसं वाटेल असा हा माणूस नाही. पण ती पुडी मला पटत नाही. रेसिडेंट बदला म्हणून व्हाइसरॉयला विनंती करून आठवड्यातच त्याच रेसिडेंटला सोमल पाजायचा, तोही दहा नोकरांना सांगत, हे वेडगळपणाचं आहे. अर्थात वेडगळपणा त्या दरबारात दुर्मीळ नव्हता. दामोदरपंताला स्वतःच्या हिशेबातल्या भानगडी लपवायच्या होत्या, असंही बचाव पक्षाचं म्हणणं होतं, आणि ते मला जास्त ओळखीचं वाटतं. कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल.

निकाल बरोबरीत सुटला म्हणून राजा सुटला असं मात्र झालं नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारनं मल्हाररावांना गादीवरून काढलं. कारण दिलं ते कुख्यात गैरवर्तनाचं आणि घोर गैरकारभाराचं. विषाचा आरोप कारणात धरलाच नाही. म्हणजे पेला, गाळ, पुडी, पट्टा, विहीर, आया, बटलर, एवढं सगळं उकरून शेवटी ज्या कारणानं त्यांना काढलं ते कारण पेल्याच्या आधीपासून सरकारच्या फायलीत होतं. विषाचा उपयोग दार उघडण्यापुरता झाला. मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवलं आणि १८८२ साली ते तिथंच वारले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तो सयाजीराव झाला आणि १९३९ पर्यंत त्यानं असं राज्य केलं की त्याच्या आधीची सकाळ लोक विसरून गेले.

१८७५ साली मात्र मराठी मुलूख पेटला होता. पुण्यात मल्हाररावांविषयी सहानुभूती होती. त्यांच्या गुणांमुळे नव्हे. गादीवरचा मराठा राजा साहेबाच्या पेल्यापायी जातो याचा तो राग होता. नारायण बापूजी कानिटकरांनी १८७५ मध्येच मल्हारराव महाराजांवर नाटक लिहिलं. विषाची गोष्ट रंगभूमीवर किती झटकन येते! नाटकात राजा असतो, रेसिडेंट असतो, राणी असते. प्रेक्षक रडतात ते राजासाठी.

मला मात्र नरसूची विहीर सुटत नाही. उभी हयात साहेबांच्या दारात काढलेला माणूस. सकाळी उठून सलाम, संध्याकाळी दिवाबत्तीचा हुकूम. त्यानं पुडी दिली असेल किंवा नसेलही. पण पोलिसांच्या चौकशीतून बाहेर आल्यावर रोज पाहिलेल्या बागेतली विहीर त्याला जवळची वाटली, एवढं खरं. आणि त्याला तिथंही राहू दिलं नाही, कारण त्याची साक्ष व्हायची होती.

अशाच एका नोकराची गोष्ट याहून दोनशे वर्षं जुनी आहे आणि ती दोन ओळींत संपते. १६८१ साली संभाजी महाराजांवर विषप्रयोगाचा बेत झाला. त्याविषयी मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात उल्लेख आहे. माशाच्या जेवणात विष होतं. एका लहान मुलानं महाराजांना सावध केलं. महाराजांनी ते अन्न एका नोकराला आणि एका कुत्र्याला दिलं. दोघंही मेले. पुढे त्या कटातल्या बड्या मंडळींचं काय झालं, कोणाला कशी शिक्षा झाली, अण्णाजी दत्तोंचा किती भाग होता, यावर आपण आजतागायत भांडतो. ग्रंथावर ग्रंथ आहेत. तो नोकर कोण, त्याच्या घरी कोण होतं, त्यानं घास घेताना काय विचार केला, हे कोणी विचारत नाही. पत्रात तो कुत्र्याशेजारी बसवला आहे आणि तिथंच राहिला.

आणि तो लहान मुलगा? स्वयंपाकघरात ये-जा करणारं, मोठ्यांच्या बोलण्याकडे कान असलेलं कोणीतरी पोर असणार. त्याचंही नाव नाही. त्याच्यामुळे एक छत्रपती वाचला.

विठ्ठलवाडीच्या माणसाला हे वाचताना राजवाडा दिसत नाही, नदी दिसते. आमच्या कडेनं वालधुनी वाहते. अंबरनाथचं शिलाहारांनी बांधलेलं शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६०. मुम्मुणी राजाच्या वेळी त्या काठावर बसून कोणी आचमन केलं असेल. आज पुलावरून जाताना रिक्षातले लोक नाकाला रुमाल लावतात. नदी कधी गुलाबी असते, कधी निळसर काळी, कधी तिच्यावर साबणासारखा फेस. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर एका टँकरमधलं रसायन रात्रीच्या वेळी उल्हासनगरजवळ या नदीत ओतलं गेलं. वायू पसरला आणि काठावरच्या वस्तीतले शेकडो लोक पहाटे मळमळत, श्वास कोंडून रुग्णालयात गेले. झोपेत असलेल्या माणसांनी दोन-तीन घोट नाही, श्वास घेतला होता.

इथं कोणाची अंगठी नव्हती, कोणाची लांब बोटं नव्हती. एक टँकर, एक चालक, कोणाचा तरी फोन. अशा वेळी हाती लागतो तो बहुधा चालक. माल कोणाचा, सांगणारा कोण, पैसे वाचले कोणाचे, हे शोधायला सूक्ष्मदर्शक आणि लंडनचा बॅरिस्टर येत नाहीत. कादंबरीत विष देणारा एक असतो आणि त्याला चेहरा असतो. खऱ्या विषाला हात पुष्कळ असतात, आणि चेहरा सापडतो तो सगळ्यात खालच्या हाताचा. हे बडोद्यात झालं, तेच आमच्या पुलाखाली होतं.

मग ती फाटक्या मुखपृष्ठाची कादंबरी मी पुरी केली का? केली. शेवटी तो विषवैद्य स्वतःच्याच अंगठीनं मरतो, हे अर्ध्यातच कळलं होतं. वाचून झाल्यावर ती शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला दिली. तो म्हणाला, “ताई, आपल्याकडे अशा भारी गोष्टी का होत नाहीत हो?” त्याला बसवून बडोद्याची गोष्ट सांगितली. आमच्या घरचं लिंबू सरबत त्यानं तळापर्यंत पिऊन टाकलं आणि विचारलं, “मग त्या आयाचं काय झालं?”

राजाचं काय झालं हे त्यानं विचारलं नाही, याचा मला आनंद झाला. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी लिहिणारी माणसं कमी नाहीत आणि बडोद्याच्या खटल्याचे कागद छापील आहेत, साक्षी शब्दन् शब्द उतरवलेल्या आहेत. कोणी लिहायला घेणार असेल तर एवढंच सांगणं आहे. मल्हाररावांना दुसऱ्या रांगेत बसवा, फेअरला तिसऱ्या. सुरुवात सकाळी स्वयंपाकघरात पपनस सोलणाऱ्या अब्दुल्लापासून करा, आणि नरसूला विहिरीतून वर काढल्यावर लगेच कोर्टात नेऊ नका. आधी त्याला बसू द्या, आणि त्याला काय म्हणायचं आहे, जे पोलिसांनी विचारलं नाही, तेही विचारा.